पगार तीन दिवसांत मिटला, मशीनचं भांडण तीन महिने चाललं: अमेरिकेतला २०२४ चा गोदी संप

१ ऑक्टोबर २०२४ उजाडायच्या आत, मध्यरात्रीच, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची कंटेनर बंदरं बंद पडली. वर मेनपासून खाली टेक्सासपर्यंत. साधारण ४५ हजार गोदी कामगार गेटबाहेर, आणि या किनाऱ्यावर असा सगळीकडे एकदम संप १९७७ नंतर पहिल्यांदाच झाला होता. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक पाच आठवड्यांवर आलेली, लोक महागाईने वैतागलेले, आणि कामगारांच्या मुख्य मागण्या दोनच: पगार वाढवा आणि ऑटोमेशन, म्हणजे माणसाच्या जागी आपोआप काम करणारं मशीन, आणू नका. तीन दिवसांत संप मागे घेतला गेला, सगळ्यांनी हुश्श केलं, पण खरं तर मिटला होता तो फक्त पगाराचा विषय. मशीनच्या विषयावर दोन्ही बाजू पुढचे तीन महिने भांडत होत्या. मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं ते त्याच कारणाने. महागाईवर बोलायला त्या निवडणुकीत प्रत्येक नेता पुढे होता आणि मशीनचं नाव निघालं की मतदान होईपर्यंत जवळपास सगळेच गप्प.

मी न्हावा शेवाच्या बाजूला एक्सपोर्टच्या कागदपत्रांचं काम करतो त्यामुळे हा संप आमच्याकडे बातमी म्हणून नाही तर फोन म्हणून आला. सप्टेंबरभर पार्टी, म्हणजे माल पाठवणारे आमचे ग्राहक, विचारत होत्या की न्यूयॉर्कचा माल आता काढू का थांबू, पूर्व किनाऱ्यावरच्या सवाना बंदराला जाणारा बॉक्स, म्हणजे कंटेनर, पश्चिम किनाऱ्यावर उतरवून रेल्वेने नेला तर किती पडेल. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आधीच आफ्रिकेला वळसा घालून जात होती, म्हणजे प्रवास लांबलेला, त्यात हे. काही शिपिंग लाइन्सनी तर संपाच्या नावाने बॉक्समागे हजार-दीड हजार डॉलरचे सरचार्जही जाहीर करून टाकले.

आता मुळात सुरुवात कुठून झाली ते बघा. जून २०२४ मध्ये आयएलए म्हणजे इंटरनॅशनल लाँगशोअरमेन्स असोसिएशन या युनियनने मालकांशी चाललेली बोलणी थांबवली, आणि कारण पगार नव्हतं. कारण होतं अलाबामा राज्यातल्या मोबील बंदराचं गेट. तिथे मर्स्क या शिपिंग कंपनीच्या एपीएम टर्मिनल्सने ऑटो गेट बसवलं होतं, ट्रक येतो, सिस्टीम आपोआप त्याची नोंद करते आणि आत सोडते, मध्ये युनियनचा माणूस नाही. युनियनचं म्हणणं की हे करारात बसत नाही, आमचं काम आमच्या माणसाशिवाय करता येणार नाही.

बाहेरच्या माणसाला वाटेल एका गेटवरून एवढं काय. पण गेटवरचा माणूस काय करतो ते ज्याने पाहिलंय त्याला कळेल. कंटेनरवर चार अक्षरं आणि सात आकडे असतात, त्यातला शेवटचा आकडा हा आधीच्या सगळ्यांवरून गणिताने निघतो, म्हणजे एक अक्षर जरी चुकीचं वाचलं तरी तो आकडा सहसा जुळत नाही आणि चूक पकडली जाते. टॅली क्लार्क तो नंबर वाचतो, कागदाशी ताडून बघतो, सील शाबूत आहे का, सीलचा नंबर तोच आहे का, बॉक्सला कुठे पोचा किंवा भोक आहे का, खालून पाणी गळतंय का, सगळं बघून नोंद करतो. मुंबईच्या गोदीत या कामावर माणसांनी आयुष्यं काढली, पोरांची शिक्षणं केली. आणि नेमकं हेच काम कॅमेऱ्याला सगळ्यात सोपं जातं. क्रेन चालवायला मशीन शिकवणं अवघड आणि महागडं, पण चार अक्षरं सात आकडे वाचणं काहीच नाही. म्हणून ऑटोमेशन बंदरात शिरतं ते क्रेनवरून नाही, गेटवरून शिरतं. युनियनने गेटवरच अडवलं ते घाबरटपणाने नाही, पुढचं सगळं दिसत होतं म्हणून अडवलं असं मला वाटतं.

पगाराकडे येऊ. जुना करार २०१८ ते २०२४ असा सहा वर्षांचा. त्यात वाढ आधीच ठरलेली, दर वर्षी तासाला साधारण एक डॉलर, आणि शेवटी सगळ्यात वरच्या कामगाराचा दर तासाला ३९ डॉलर. कराराच्या सुरुवातीला हे ठीक होतं. पण मध्ये करोना आला, मग २०२१-२२ ची महागाई आली, जून २०२२ मध्ये तर अमेरिकेत महागाईचा दर ९.१ टक्के होता. कराराच्या सहा वर्षांत मिळून किमती साधारण २५ टक्क्यांनी चढल्या आणि पगाराची वाढ त्याच्या खूप मागे राहिली. आपल्याकडे सरकारी नोकरीत, बँकेत, सरकारी बंदरांत महागाई भत्ता असतो, निर्देशांक वर गेला की भत्ता वर जातो, कमी वाटला तरी निदान काहीतरी आपोआप होतं. तिकडे या करारात असं काही नव्हतं. त्यामुळे सहा वर्षांचा तोटा एकदम भरून काढायचा म्हणून मागणी आली ७७ टक्क्यांची, म्हणजे पुढची सहा वर्षं दर वर्षी तासाला पाच डॉलर. आकडा ऐकून लोक चमकले. मागचा खड्डा किती खोल होता हे बातम्यांत फारसं आलं नाही.

आणि सरकार सांगत होतं की महागाई उतरली. कागदावर खरंच उतरली होती, सप्टेंबर २०२४ मध्ये दर २.४ टक्के होता. पण दर उतरला म्हणजे किमती उतरल्या असं नसतं ना, किमती जिथे चढल्या तिथेच राहिल्या, फक्त आणखी चढायचा वेग कमी झाला. दुकानात अंडी आणि दूध घेणाऱ्याला वेगाशी काय करायचंय, तो चार वर्षांपूर्वीचं बिल आठवतो. ट्रम्पनी सगळा प्रचार याच जागेवर उभा केला आणि बायडेन-हॅरिस यांच्याकडे याला चांगलं उत्तर नव्हतं.

समोर मालक कोण तर यूएसएमएक्स ही संघटना. त्यात मोठमोठ्या शिपिंग कंपन्या, डेन्मार्कची मर्स्क, स्वित्झर्लंडची एमएससी, फ्रान्सची सीएमए सीजीएम, जर्मनीची हापाग-लॉइड वगैरे, आणि टर्मिनल चालवणारे. करोनात या कंपन्यांनी काय कमावलं हे आमच्या लाइनमधल्या माणसाला कोणी सांगायची गरज नाही. करोनाआधी चाळीस फुटी बॉक्सचं जगातलं सरासरी भाडं दीड हजार डॉलरच्या आसपास असायचं, सप्टेंबर २०२१ मध्ये ते १० हजारांच्या वर गेलं. मर्स्कचा एकट्या २०२२ सालचा नफा २९ अब्ज डॉलर. कामगार म्हणत होता की त्या काळात लोक घरात बसले होते आणि आम्ही धक्क्यावर होतो, आमचे लोक आजारी पडले, काही गेले, त्या कमाईतलं आम्हाला काय दिलंत. याला उत्तर देणं खरंच अवघड आहे.

तरीपण दुसरी बाजू पोकळ नव्हती, आणि ती नीट मांडली पाहिजे. न्यूयॉर्क बंदरातल्या कामगारांबद्दल तिथल्या वॉटरफ्रंट कमिशन या बंदरावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या २०१९-२० च्या अहवालात आलं होतं की साधारण तीनातला एक कामगार वर्षाला दोन लाख डॉलर किंवा जास्त कमावतो, ओव्हरटाइम वगैरे सगळं धरून. युनियनचे अध्यक्ष हॅरल्ड डॅगेट यांचा युनियनकडून मिळणारा पगारच सात लाख डॉलरच्या वर. गोदामात किंवा हॉटेलात तासाला १५-१८ डॉलरवर राबणाऱ्या माणसाने टीव्हीवर हे ऐकलं, शेजारच्या दुकानात केळी आणि टॉयलेट पेपरवर झुंबड उडालेली पाहिली, तर त्याला राग येणारच. केळ्यांचं खरंही होतं, अमेरिकेत येणारी बहुतेक केळी याच बंदरांतून येतात, टॉयलेट पेपर मात्र तिकडे बहुतांश देशातच बनतो पण घाबरलेला माणूस एवढा विचार करत नाही. मग रिटेलवाल्यांच्या संघटना, शेतमाल निर्यात करणारे, कारखानदार सगळे एका सुरात बोलायला लागले की हा संप लांबला तर महागाई परत भडकेल, सरकारने मध्ये पडावं. आणि बरोबर त्याच आठवड्यात हेलीन चक्रीवादळाने आग्नेय अमेरिकेची दैना केलेली होती, त्यामुळे संप करणाऱ्यांना निर्दय म्हणणं आणखी सोपं झालं.

इथेच ते जुनं कोडं आहे. महागाई वाढली म्हणून कामगार पगार मागतो आणि त्याला सांगितलं जातं की तू पगार मागितलास तर महागाई वाढेल. मला हा युक्तिवाद या बाबतीत पटत नाही. एका चाळीस फुटी बॉक्समध्ये हजारोंनी टी-शर्ट बसतात, धक्क्यावरची मजुरी वाढली तर एका शर्टावर किती चढणार, काही सेंट. उलट भाडं दीड हजाराचं दहा हजार झालं तेव्हा त्याच शर्टावर कितीतरी जास्त चढलं, आणि तेव्हा मालकांना कोणी देशभक्ती शिकवली नाही, त्याला बाजारभाव म्हणाले. हां, संप महिनाभर चालला असता तर टंचाईने भाव चढले असते हे मान्य. पण ती गोष्ट संपाची झाली, पगाराची नाही, आणि बातम्यांत दोन्हीची सरमिसळ होत राहिली.

राजकारण मात्र यात नेहमीच्या खाचेतून चाललं नाही. १९४७ चा टॅफ्ट-हार्टली कायदा आहे, त्याच्या आधारे राष्ट्राध्यक्षाला कोर्टात जाऊन संपकऱ्यांना ८० दिवस कामावर परत आणता येतं. रिपब्लिकन खासदार आणि उद्योगवाले बायडेनना हेच सांगत होते. बायडेन म्हणाले मी हा कायदा वापरणार नाही, बोलणी करा. याच बायडेननी डिसेंबर २०२२ मध्ये रेल्वे कामगारांचा संप होऊ नये म्हणून संसदेकडून करार लादून घेतला होता आणि युनियनवाले त्यावर अजून चिडलेले होते, तेव्हा तीच चूक निवडणुकीच्या तोंडावर परत करणं त्यांना परवडणारं नव्हतं. हॅरिस म्हणाल्या की परदेशी मालकीच्या कंपन्यांनी विक्रमी नफा कमावला, कामगारांना त्यांचा वाटा मिळायला हवा. आणि ट्रम्प? त्यांनी संपाचं खापर बायडेन-हॅरिस यांच्या महागाईवर फोडलं पण कामगारांविरुद्ध बोलले नाहीत, उलट म्हणाले की कामगारांना चांगल्या पगारासाठी बोलणी करता आली पाहिजेत, शिपिंग कंपन्या तर बहुतेक परदेशी झेंड्याच्या आहेत. म्हणजे दोन्ही उमेदवार एकाच बाजूला आणि दोघांचंही बोट परदेशी कंपनीकडे. महागाईचा राग परक्या माणसावर ढकलणं सगळ्यांनाच सोयीचं असतं. मशीन कुठे परदेशी असतं, ते आपल्याच देशातल्या दुकानदाराला, शेतकऱ्याला स्वस्त वाहतूक देणार असं सांगितलं जातं, मग त्याच्यावर भूमिका घेतली की आपलाच कोणीतरी दुखावतो.

३ ऑक्टोबरला व्हाइट हाउसने मालकांवर दबाव आणला आणि ६२ टक्क्यांवर तोडगा निघाला. ३९ डॉलरवरून सहा वर्षांत ६३. मालकांनी संपाआधी ५० टक्क्यांच्या आसपास देऊ केले होते, कामगारांनी ७७ मागितले होते, मध्ये कुठेतरी भेटले. बाकीच्या गोष्टींसाठी जुना करार १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढवला आणि कामगार परत क्रेनवर चढले. बाकीच्या गोष्टी म्हणजे मुख्यतः ऑटोमेशन. नोव्हेंबरात निवडणूक झाली, ट्रम्प जिंकले, आणि त्याच महिन्यात बोलणी दोन दिवसांत फिसकटली. मुद्दा अडला सेमी-ऑटोमॅटिक यार्ड क्रेनवर, रुळांवर चालणाऱ्या त्या उंच क्रेन ज्या बॉक्सच्या थप्प्या लावतात, बराचसा वेळ आपोआप चालतात आणि फक्त ट्रकवर बॉक्स ठेवताना कोणीतरी ऑफिसात बसून जॉयस्टिकने हलवतो. व्हर्जिनियात त्या आधीपासून आहेत. मालक म्हणाले तेवढ्याच जागेत जास्त माल बसवायचा तर हे लागेल, आशिया आणि युरोपातली बंदरं कुठच्या कुठे गेली. ते चूक नव्हतं, रॉटरडॅमला १९९३ पासून ऑटोमॅटिक टर्मिनल आहे आणि शांघायच्या यांगशानला पूर्ण टर्मिनल जवळजवळ माणसांविना चालतं.

मग १२ डिसेंबरला ट्रम्पनी डॅगेटना भेटून जाहीर केलं की ऑटोमेशनने जेवढे पैसे वाचतात ते कामगाराला होणाऱ्या त्रासापुढे काहीच नाहीत. त्यांच्याच बाजूचे मुक्त बाजारवाले चकित झाले, टीकाही झाली. डेमोक्रॅटांच्या बाजूचे कितीतरी लोक, जे स्वतःला कामगारांचे म्हणवतात, ते सोशल मीडियावर लिहीत होते की बंदरं ऑटोमॅटिक झाली पाहिजेत, हे युनियनवाले प्रगती अडवतायत. डावे कोण आणि उजवे कोण हेच कळेनासं झालं. माझ्या मते त्याचं कारण सरळ आहे, मशीनच्या प्रश्नावर माणूस पक्षाप्रमाणे बोलत नाही, स्वतःच्या खुर्चीवरून बोलतो. ज्याचं काम लॅपटॉपवर होतं त्याला २०२४ पर्यंत वाटत होतं की मशीन धक्क्यावरच्याच माणसाचं काम घेणार.

८ जानेवारी २०२५ ला करार ठरला आणि फेब्रुवारीच्या शेवटी जवळपास ९९ टक्के कामगारांनी त्याला मत दिलं. पूर्ण ऑटोमेशनला बंदी कायम राहिली, पण नवीन तंत्रज्ञानाला सरसकट नाही म्हटलेलं नाही. मशीन आणायचं तर त्याच्यासोबत माणसांच्या कामाची हमी बांधलेली आहे. करार ३० सप्टेंबर २०३० पर्यंत.

लोक म्हणतात ही प्रगतीला घातलेली खीळ आहे. मला इतिहास बघून तसं वाटत नाही. २६ एप्रिल १९५६ ला, कंटेनर वाहतुकीची सुरुवात करणाऱ्या माल्कम मॅक्लीनचं आयडियल एक्स जहाज न्यूअर्कहून ह्यूस्टनला ५८ कंटेनर घेऊन निघालं तेव्हा सुटा माल चढवायला टनाला ५ डॉलर ८० सेंटच्या आसपास लागायचे, कंटेनरने ते १६ सेंटवर आलं. एवढा फरक असेल तर कोणती युनियन थांबवणार. थांबवलं नाहीच कोणी. पण १९६० मध्ये पश्चिम किनाऱ्यावर हॅरी ब्रिजेसच्या युनियनने मशीनला होकार देऊन त्या बदल्यात बचतीतला वाटा एका फंडात घेतला, कामगारांना लवकर निवृत्ती आणि कामाची हमी मिळवली, आणि पूर्व किनाऱ्यावर पुढे वर्षाच्या कमाईची हमी आली. २००२ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर वाद झाला तोसुद्धा क्लार्क आणि स्कॅनरचाच होता, तेव्हा राष्ट्राध्यक्ष बुशनी टॅफ्ट-हार्टली वापरला, स्कॅनर आले, पण जे क्लार्क नोकरीवर होते त्यांना निवृत्तीपर्यंत हमी मिळाली. म्हणजे मशीन दर वेळी आलंच, फरक एवढाच पडला की बचत कोणाच्या खिशात गेली. कायमची बंदी टिकेल असं मलाही वाटत नाही, आणि ज्यांना अजून नोकरीच लागलेली नाही त्या पोरांना अशा हमीतून काही मिळत नाही, ही या करारांची मोठी उणीव आहे. पण काही न मागता मशीनला वाट देणं त्याहून वाईट.

आणि आपलं? मुंबईच्या गोदीत हमी मागायची वेळ आली तेव्हा माल आधीच १९८९ ला सुरू झालेल्या न्हावा शेवाला चालला होता. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया डॉक भरून टाकले. अमेरिकेतल्या संपाच्या पाचच आठवडे आधी, २८ ऑगस्ट २०२४ पासून, आपल्या मोठ्या सरकारी बंदरांतल्या कामगारांनीही संप पुकारला होता, तो आदल्या दिवशी दिल्लीत ८.५ टक्क्यांच्या पगारवाढीवर मिटला, साधारण २० हजार कामगारांना लागू, मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत. चांगलं झालं. पण न्हावा शेवाचे बॉक्स हाताळतात ते त्या वीस हजारांतले लोक नाहीत, जेएनपीएने, म्हणजे न्हावा शेवाच्या सरकारी बंदर प्राधिकरणाने, आपलं स्वतःचं टर्मिनलसुद्धा २०२२ मध्ये खासगी हातात दिलं आणि आता सगळी टर्मिनल्स खासगी आहेत. आमच्या गेटवर ट्रेलर फॉर्म-१३ म्हणजे आत जायचा परवाना दाखवून आत जातो, बॉक्सला रेडिओ लहरींनी वाचला जाणारा आरएफआयडी टॅग असतो, कॅमेरा नंबर वाचतो, आणि हे सगळं येताना कोणी बोलणी केली नाहीत कारण ज्यांच्याशी करायची ते कंत्राटदाराकडचे लोक होते, एका कंत्राटातून दुसऱ्यात गेले किंवा घरी गेले. उरण-द्रोणागिरीच्या ज्या गावांनी बंदरासाठी जमिनी दिल्या तिथली पोरं आज ट्रेलरवर आणि सीएफएसच्या, म्हणजे बंदराबाहेर कंटेनर भरायच्या-रिकामे करायच्या ठिकाणांच्या, यार्डात रोजावर आहेत.

पुढच्या वेतन कराराची बोलणी आता फार लांब नाहीत. त्यात महागाई भत्त्याची टक्केवारी येईलच, ती सगळ्यांना तोंडपाठ असते. माझं म्हणणं इतकंच आहे की त्याच टेबलावर खासगी टर्मिनलचे मालक आणि कंत्राटी कामगारांचे प्रतिनिधी दोघांनाही बसवा, आणि नवीन मशीन घेण्याआधी किती कामं जाणार, त्या लोकांना कोणतं काम देणार, किती महिन्यांचं ट्रेनिंग आणि कोणाच्या खर्चाने, हे लिहून घ्या. वाढवणला नवीन बंदर बांधताहेत, तिथे तर अजून एकही क्रेन उभी नाही. तिथे हे आत्ता लिहून घेता येतं.